कोरसमधली राजम

“सार, तुमच्या मॅडमचा भाग आजच्या कार्यक्रमात नाहीये,” फोनवरची मुलगी तमिळमध्ये म्हणाली.

हनुमंतरावांनी दुधाच्या पिशव्या दुकानाच्या फळीवर ठेवल्या आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. डाव्या कानाने त्यांना अलीकडे कमी ऐकू येई. चूक त्या कानाचीच असावी, अशी त्यांना आशा होती.

“काय म्हणालात, अम्मा?”

“तो भाग गेला, सार. एडिटमध्ये. कार्यक्रम फार लांबला होता.”

नंदिता नावाची ही मुलगी टीव्ही चॅनेलच्या कचेरीत होती. दोन महिन्यांपूर्वी राजमला चेन्नईला बोलावणारा फोन हिचाच आला होता, आणि गाडीची तिकिटंही हिनंच पाठवली होती. बोलायला मोठी गोड. आत्ताही तिच्या आवाजातला गोडवा कमी झाला नव्हता.

“पण कार्यक्रम तर आजच आहे,” हनुमंतराव म्हणाले. “संध्याकाळी. मी फोन केला तो आमचा भाग साधारण कधी येईल ते विचारायला. म्हणजे येणाऱ्यांना तसं सांगता येतं. घरी माणसं बोलावलीयत.”

त्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“गाताना हिचं काही चुकलं का?”

“नाही, सार. मी स्टेजच्या बाजूलाच उभी होते. मला तर रडू आलं होतं.”

“मग?”

“ते वरून ठरतं. माझ्या हातात काही नसतं, सार. पुढे यूट्यूबवर टाकतील बहुतेक.” मागून तिला कोणी तरी हाक मारली. “मॅडमना माझा नमस्कार सांगा,” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

दुकानदारानं पिशव्या पुढे सरकवल्या. “आज जास्त दूध, मामा? मामींच्या कार्यक्रमाला का? आम्हीपण लावणार आहोत. माझ्या बायकोनं शेजारच्यांनाही सांगून ठेवलंय.”

हनुमंतरावांनी मान हलवली आणि पिशव्या उचलल्या.

सगळं त्यांनी स्वतःच करून ठेवलं होतं. राजम कुणाला काही सांगायला गेली नव्हती. सांगितलं ते यांनी. सकाळी फिरायला जाणाऱ्या पेन्शनरांना, दातांच्या डॉक्टरांना, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या यच्चयावत घरांना. तंजावूरच्या मराठी कुटुंबांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट होता. आपली मराठी देवनागरीत लिहिली तर निम्म्यांना वाचता यायची नाही, म्हणून त्यांनी ती तमिळ अक्षरांत लिहून पाठवली होती. रविवारी संध्याकाळी सहा वाजता सिनेसंगीताचा पुरस्कार सोहळा, आमच्या राजमला त्यात सन्मान आहे, अवघ्यांनी पाहावा. जन्मभर बियाणं तपासणीच्या सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या या माणसानं आयुष्यात स्वतःच्या बढतीचीसुद्धा एवढी दवंडी पिटली नव्हती.

राजम कोरसमध्ये गायची. विशीत असताना ती मामाकडे मद्रासला गेली आणि तिशीपर्यंत स्टुडिओतून गात राहिली. सात-आठ बायका एका माइकभोवती अर्धवर्तुळात उभ्या राहायच्या. बांगड्या वाजू नयेत म्हणून काढून ठेवायच्या, चपला बाहेर सोडायच्या. नायिकेचं गाणं संपत आलं की मागून जो ‘ओऽऽ’ असा लांब सूर यायचा, डोंगरावरून धुकं उतरल्यासारखा, तो या बायकांचा. पुढे एकच कीबोर्डवाला येऊन त्या सगळ्यांचा आवाज दोन बोटांनी काढू लागला आणि बायका घरी गेल्या. राजम तंजावूरला परतली. हनुमंतरावांशी लग्न झालं, मुलींच्या शाळेत गाणं शिकवण्याची नोकरी लागली, अखिला झाली. रेकॉर्डच्या पाकिटावर तिचं नाव कधीच छापून आलं नाही.

हनुमंतराव मात्र रेडिओवर जुनं गाणं लागलं की हात वर करून सगळ्यांना गप्प बसवत. “थांबा, आता राजम,” म्हणत. राजम हसायची. “आठ जणींतून तुम्हाला माझा आवाज कसा कळतो? मलाच कळत नाही.” ते म्हणायचे, “मला कळतो.” खरंच कळायचा की नाही, ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. पण ते ऐकायचे मात्र जीव ओतून.

म्हणून चॅनेलचा फोन आला तेव्हा जास्त आनंद त्यांनाच झाला. जुन्या कोरसमधल्या बारा जणींचा सन्मान होणार होता. दोघं चेन्नईला गेली. तिथं राजमला आत नेलं आणि बरोबरच्या माणसांना वर बाल्कनीत, अगदी मागच्या रांगेत बसवलं. तिथून हनुमंतरावांना दिसला तो राजमचा भांग आणि अबोलीचा गजरा. बारा जणी ओळीत उभ्या राहिल्या. एकच ट्रॉफी हातोहात फिरली. बाकीच्यांच्या पार्सलनं घरी येतील असं सांगितलं, त्या अजून यायच्या होत्या. मग निवेदिकेनं एकेकीपुढे माइक धरला. कोणी लाजली, कोणी दोन शब्द बोलली. राजमनं आलाप घेतला. एकटीनं, मागेपुढे कोणी नसताना. एवढं मोठं सभागृह, पण खाली कोणी खोकलंसुद्धा नाही. हनुमंतराव बाल्कनीच्या कठड्याला धरून उभे राहिले, तर रखवालदारानं त्यांना खाली बसवलं.

तिचा चेहरा त्यांना दिसला नव्हता. तो आज दिसायचा होता.

दूध घेऊन ते घरी न जाता तसेच पुदु आरू कालव्याच्या पुलाकडे वळले. कालव्याला नुकतंच पाणी सुटलं होतं, पुलावर बघ्यांची गर्दी होती. पलीकडे शिवकुमारचं केबलचं दुकान. शिवकुमार राजमच्या एका विद्यार्थिनीचा भाऊ. त्यानं लगबगीनं खुर्ची पुढे केली.

“एक काम होतं,” हनुमंतराव म्हणाले. त्यांनी दुधाच्या पिशव्या मांडीवर घेतल्या. “आज संध्याकाळी आमच्या गल्लीची केबल बंद ठेवता येईल का? सहा ते नऊ. बिघाड झाला म्हणायचं.”

शिवकुमार त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. “मामा, आज तर मामींचा कार्यक्रम.”

“म्हणूनच.” आणि त्यांनी झालं ते सांगितलं. “केबल गेली तर ती म्हणेल, आलं असेल, आपल्याला दिसलं नाही. एवढंच.”

शिवकुमारनं पंख्याचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं. “तुमच्यासाठी मी केलंही असतं, मामा. पण माझ्या तारेवर तुमच्या गल्लीत आता चार घरंसुद्धा राहिलेली नाहीत. कोणाची डिश आहे, कोणी फोनवरच बघतं. मी एक तार काढून काय होणार? तुमच्याकडे बंद पडलं तर शेजारच्या भुवनामामी त्यांच्या घरी बोलावतील, नाहीतर कोणी तरी मोबाइल पुढे धरेल.” त्यानं आवाज खाली आणला. “तुम्ही मामींना सांगून टाका.”

“हो,” हनुमंतराव म्हणाले.

सांगायचंच असं ठरवून ते घरी आले. राजम स्वयंपाकघरात केसरीसाठी तुपात रवा परतत होती. सुंडलाच्या उसळीसाठी हरभरे शिजून तयार होते.

“दूध आणायला गेलां होतांत की म्हैस?” तिनं मागे न बघता विचारलं.

“राजम.”

“काय?”

“ते लोक अवघंच दाखवतील असं नाही. वेळ कमी असतो त्यांच्याकडे. बारा जणी होत्यात तुम्ही.”

“अवघं कशाला हवं?” ती कढईत उलथणं फिरवत राहिली. “मी गायल्ये ते मला ठावे आहे नं. ओळीत उभ्या दाखवल्या तरी पुरे. पट्टम्माच्या नातीचा फोन आला होता मघाशी. पट्टम्माला आता दिसत नाही हो. नात जवळ बसून सांगणार आहे, आत्ता आली, आत्ता तुझा हात धरला राजमनं, असं. सकाळपासून नवी साडी नेसून बसल्ये म्हणे.”

हनुमंतराव दाराच्या चौकटीशी उभे होते. पट्टम्मा राजमबरोबर एकाच माइकवर वर्षानुवर्षं गायलेली. स्टेजवर तिला राजमनंच हाताला धरून नेलं होतं.

“द्या ते दूध इकडे,” राजम म्हणाली. “हातात धरून नासवाल.”

त्यांनी दूध दिलं. दुपारी जेवताना सांगू असं ठरवलं. जेवताना अखिलाचा हैदराबादहून फोन आला. राजम मराठीत बोलत होती, लेक नेहमीसारखी तमिळमध्ये उत्तर देत होती. तिनं ऑफिसातल्या मैत्रिणींना घरी बोलावलं होतं, आईला बघायला. जेवण झाल्यावर राजम थोडी आडवी झाली आणि डोळे मिटून गालातल्या गालात हसत होती. हनुमंतरावांनी पंखा एक घर वाढवला आणि बाहेरच्या खोलीत येऊन पुन्हा नंदिताला फोन लावला. तो वाजत राहिला. त्यांनी आणखी दोनदा लावला. नंतर तो बंदच लागू लागला.

पाच वाजता सौम्या आली. राजमची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः शाळेत गाणं शिकवणारी. लग्नाच्या कल्याणमंडपातून भाड्याच्या खुर्च्या तिनंच रिक्षात घालून आणल्या होत्या. “मिस कुठे?” ती म्हणाली. मिस आतून आल्या त्या चेन्नईला नेसलेली तीच गडद लाल कांजीवरम नेसून, केसांत अबोली माळून. शेजारच्या भुवनामामी आल्या, पेन्शनर मित्र आले, डॉक्टर बायकोला घेऊन आले. खुर्च्या भरल्या तशा राजमकडे गाणं शिकणाऱ्या मुली खाली सतरंजीवर बसल्या. राजमला मधोमध बसवलं. ती नको नको म्हणत होती, पण सौम्यानं ऐकलं नाही.

सहा वाजले. दिवे, धूर, नाचणाऱ्यांच्या रांगा. निवेदक आला, निवेदिका आली. खोलीतल्या मुलींना सगळे गायक नावानिशी ठाऊक होते. सर्वोत्कृष्ट पार्श्वगायक कोण होणार यावर त्यांच्यात महिनाभर भांडणं चालली होती, ती आता रंगात आली. पेन्शनरांना त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं, पण तेही एकेकाची बाजू घेऊ लागले. “मिसचं कधी?” मधूनच कोणी विचारी. “येईल,” सौम्या म्हणे. “मोठे सन्मान शेवटी असतात.”

हनुमंतराव दाराजवळ उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. प्रत्येक जाहिरातीला त्यांना वाटे, आता सांगावं. जाहिरात संपली की सगळी डोकी टीव्हीकडे वळत आणि सांगायची वेळ निघून जाई. पुढे एका नव्या सिनेमाची झलक लागली. ती इतकी लांबली की डॉक्टर घड्याळ पाहू लागले. या झलकीपायीच आपल्या राजमचा भाग गेला असेल, हनुमंतरावांना वाटलं. झलकीत एक माणूस मोटारसायकलवरून आगीतून बाहेर येत होता, परत परत.

ते हळूच मागच्या बोळात गेले. तिथं भिंतीवर विजेचा बोर्ड होता. त्यांनी मेन स्विचवर हात ठेवला. एक खटका, की अंधार होईल, मेणबत्त्या शोधता शोधता अर्धा तास जाईल, लोक केसरी खाऊन घरी जातील. भिंतीपलीकडून भुवनामामींच्या घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता, तोच निवेदक, तेच शब्द, अर्ध्या क्षणानं मागे. मामींच्या सासूनं लावला असणार. त्या पलीकडच्या घरातूनही तोच आवाज येत होता. सगळ्या गल्लीत तो लागला होता. लोकांना लावायला सांगितलं होतं ना.

त्यांनी हात खाली घेतला. तेवढ्यात आत एकच गलका झाला.

“मिस. मिस दिसल्या.”

हनुमंतराव धावले. दारातल्या चपलांवरून पाय घसरला, त्यांनी चौकट धरली. टीव्हीवर एका तरुण संगीतकाराला पुरस्कार मिळत होता, आणि त्याचं नाव पुकारल्यावर पडदाभर राजमचा चेहरा होता. ती प्रेक्षकांत बसली होती. कुंकू, कानातल्या कुड्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, सगळं स्वच्छ दिसत होतं. ती हसत टाळ्या वाजवत होती. मग ती गेली आणि संगीतकार आला.

खोलीत मुलींनीही टाळ्या वाजवल्या. अखिलाचा फोन आला, पाहिलं म्हणून. राजमनं पदर सारखा केला.

पुन्हा एकदा ती दिसली, एका नटीच्या भाषणाला मान डोलावताना. मग सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाच्या वेळी, पुन्हा टाळ्या वाजवताना, शेजारी पट्टम्मा काळा चष्मा लावून. दर वेळी मुली ओरडत होत्या, दर वेळी कोणी तरी म्हणे, “आता स्टेजवर बोलावतील.” हनुमंतराव राजमच्या पाठीकडे पाहत होते. पहिल्यांदा ती पुढे झुकली होती. दुसऱ्यांदा ती खुर्चीला टेकून बसली. तिसऱ्यांदा तिनं शेजारच्या मुलीला विचारलं, “केसरी घेतलीस का तू?”

शेवटी सगळे विजेते स्टेजवर आले, वरून रंगीत कागद उडाले, नावं भराभर वर सरकू लागली. खोलीत थोडा वेळ कोणी उठलं नाही.

“संपलं?” डॉक्टरांच्या पत्नीनं विचारलं.

“दुसरा भाग असेल पुढच्या रविवारी,” कोणी म्हणालं.

भुवनामामी उठल्या. “काही म्हणा, राजमक्का, साडी काय खुलून दिसली. तीनदा दाखवलं तुम्हाला. मोठमोठ्यांना एकदाच दाखवलं.” सगळ्यांना ते पटलं. तीनदा, तेही इतकं जवळून. पेन्शनरांनी हनुमंतरावांचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं. हनुमंतराव “हो, हो,” म्हणत राहिले. दारात राजम प्रत्येकीला सुंडलाचा द्रोण देत होती. “या हो परत,” म्हणत होती. मुलींना तिनं नावानं हाक मारून निरोप दिला.

सौम्या मागे राहिली. खुर्च्या मिटवताना तिनं हळूच विचारलं, “मिस, तुम्ही गायलात ना तिथं?”

“गायले की.”

सौम्यानं मान खाली घातली आणि उरलेल्या खुर्च्या मिटवून भिंतीला लावल्या. नेण्यासाठी सकाळी येते म्हणाली.

दोघंच उरली तेव्हा राजम सतरंजीची घडी घालत होती. हनुमंतरावांनी दुसरं टोक धरलं.

“तुम्हाला ठावे होते,” राजम म्हणाली.

“सकाळी कळलं.”

“तरीच. दिवसभर मांजरासारखे घरभर फिरत होतांत.”

“कसं सांगू तुला? कुठून सुरुवात करू तेच समजेना.” सतरंजीचं टोक त्यांच्या हातातून निसटलं. “मीच अवघ्यांना बोलावलं. मी गप्प बसलों असतों तर...”

“उगे राहा.” तिनं ते टोक उचलून परत त्यांच्या हातात दिलं. “लोक आले, खाऊन गेले. बरं झालं. पट्टम्माचं वाटतं मात्र. नातीनं काय सांगितलं असेल तिला?”

“फोन करू का?”

“नको. आज नको.”

घडी झाली. राजम खुर्चीवर टेकली. ते तिच्याजवळ जमिनीवर बसले.

“एक तरी झालं,” हनुमंतराव म्हणाले. “तुझा चेहरा दिसला. त्या तरुण पोराला बक्षीस मिळालं तेव्हा किती मनापासून हसत होतीस. मला वरून काहीच दिसलं नव्हतं.”

राजमनं केसांतली अबोली काढून बाजूला ठेवली.

“तेव्हा समोर कोणी नव्हतं हो,” ती म्हणाली. “तो पोरगा आला नव्हता, कोणीच आलं नव्हतं. कार्यक्रमाच्या आधी आम्हाला पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. स्टेज रिकामं. झाडणारी बाई झाडत होती. एक माणूस कानाला यंत्र लावून उभा होता. तो म्हणाला, टाळ्या वाजवा. आम्ही वाजवल्या. म्हणाला, आता हसा. आता मान डोलवा. आता पुन्हा टाळ्या, आणखी जोरात, आणखी आनंदानं. हात लाल होईपर्यंत वाजवल्या. पट्टम्मा विचारत होती, कोण आलंय ग? मी म्हटलं, कोणी नाही, वाजव.”

हनुमंतराव तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांना पाहवेना, म्हणून टीव्हीकडे पाहिलं. आवाज बंद होता, पण टीव्ही चालूच होता. चॅनेलवर त्याच सोहळ्याची जाहिरात लागली होती. ज्यांचा चुकला त्यांच्यासाठी पुढच्या रविवारी पुन्हा. दिवे, धूर, ट्रॉफी उंचावलेला गायक, आणि लगेच राजम.

ते रिमोट शोधायला उठले.

“राहू दे,” ती म्हणाली.

ती पाहत राहिली. पडद्यावर ती हसून टाळ्या वाजवत होती. इकडे खुर्चीवर, तुपाचा वास लागलेले तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

“बरी वाजवत्ये,” राजम म्हणाली.